टीव्हीवर हळदीचा दर कालचाच : दुसऱ्याच्या पानावरून माहिती उचलणारी स्क्रिप्ट सारखी का अडकते

दुपारी एकच्या सुमारास आप्पांचा फोन आला की उचलायच्या आधीच मला कळतं, पान अडकलंय. सांगलीच्या मार्केट यार्डात आप्पांचं हळद-बेदाण्याचं अडत दुकान आहे, तिथं भिंतीला एक टीव्ही आहे आणि त्यावर मी करून दिलेलं पान चालतं, राजापुरी हळदीचा दर, आवक, बेदाण्याचा दर आणि खाली तारीख. हे आकडे कोणी हातानं भरत नाही, एका साइटवर रोज बाजारभावाचं पान येतं ते माझी पीएचपी भाषेतली स्क्रिप्ट म्हणजे छोटा प्रोग्राम दुपारी उचलते, टेबल फोडते, सांगलीची ओळ काढते आणि डेटाबेसात टाकते. करायला एक संध्याकाळ लागली होती. आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत हेच एका संध्याकाळचं काम सात-आठ वेळा बंद पडलं. आप्पांचं वाक्य दर वेळी तेच, "काय रे पोरा, टीव्ही कालचाच दर दावाय लागलाय की," आणि कारण दर वेळी नवीन.

म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय, कारण असं काम करणारे आपल्याकडं बरेच आहेत, कोणी कोयनेचा पाणीसाठा उचलतं, कोणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी, कोणी परीक्षेचे निकाल, आणि सगळ्यांचं दुखणं सारखंच असतं. फंक्शनांची नावं देवनागरीत लिहितोय, एडिटरात अर्थातच इंग्रजीत टाकायची.

पहिल्यांदा बंद पडलं तेव्हा मी काय केलं सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. कोड उघडला आणि एक्सपाथ, म्हणजे पानात आकडा कुठं आहे तो पत्ता, बदलत बसलो. टेबलाचा क्लास बदलला असेल, टीडी म्हणजे टेबलातलं घर कमी-जास्त झालं असेल, असं करून बघ तसं करून बघ, दोन तास गेले, चहा दोनदा झाला, आणि मग कुठं डोक्यात आलं की आलेलं पान एकदा छापून तरी बघू. तर पान आलंच नव्हतं! आलं होतं ते पाचशे बाइटचं एक पत्र, तुम्हाला परवानगी नाही म्हणून. मी रिकाम्या पोत्यात हळद शोधत होतो.

तेव्हापासून पान आल्या आल्या पहिलं काम हे, जे काय आलंय ते जसंच्या तसं एका फाइलीत लिहून ठेवायचं, फाइलीच्या नावात तारीख-वेळ, आणि शेजारी लॉगमध्ये चार गोष्टी: स्टेटस कोड किती (समोरच्या सर्व्हरचं आकड्यातलं उत्तर, २०० म्हणजे पान मिळालं), बाइट किती आले, रीडायरेक्ट होत होत शेवटी कुठल्या पत्त्यावर पोचलो आणि कर्लचा, म्हणजे पान आणून देणाऱ्या लायब्ररीचा, एरर नंबर काय. पंधरा दिवसांपेक्षा जुन्या फाइली पुसायच्या. एवढं केलं की आप्पांचा फोन ठेवायच्या आत निम्मा निकाल लागलेला असतो. फाइल रिकामी असेल तर भानगड नेटवर्कची किंवा सर्टिफिकेटची म्हणजे साइटच्या ओळखपत्राची, चिमुकली असेल तर समोरच्यानं दार लावलंय, मोठी आहे पण वाचता येत नाही तर ती दाबलेली म्हणजे जीझिप आलीय, वाचता येतेय पण त्यात टेबलच नाही तर टेबल जावास्क्रिप्ट भरतंय, आणि टेबल आहे, हळद आहे, सगळं आहे तरीही दर येत नाही, तर मग खरंच तुमच्या कोडकडं बघायची वेळ आली.

आता रिकाम्या फाइलीचं. पान उचलायला तुम्ही पीएचपीचं फाइल_गेट_कंटेंट्स हे फंक्शन वापरत असाल तर आधी त्याच्यापुढचं ॲटचं चिन्ह काढा. वॉर्निंग दिसू नये म्हणून आपण ते चिकटवतो आणि मग काय झालं ते आपल्यालाही दिसत नाही. माझ्या बाबतीत एकदा होस्टिंगवाल्यानं सर्व्हर बदलला आणि नवीन ठिकाणी अलाऊ_यूआरएल_फोपेन, म्हणजे बाहेरचं पान उघडू देणारं सेटिंग, बंद होतं, फंक्शन निमूट फॉल्स देत होतं, मी निमूट फॉल्स गिळत होतो. शिवाय हे फंक्शन समोरून ४०४ (पान सापडलं नाही) किंवा ५०३ (सर्व्हर सध्या देऊ शकत नाही) आलं की आतला मजकूर देतच नाही, कॉन्टेक्स्टमध्ये इग्नोर_एरर्स ट्रू केलं तरच देतं. मी शेवटी कर्लवर आलो, एकतर नंबर स्पष्ट मिळतो. ६ आला तर नावाचा पत्ताच सापडला नाही म्हणजे डीएनएस, ७ आला तर पत्ता सापडला पण कनेक्शन जुळलं नाही, २८ म्हणजे वाट बघून कंटाळलो, ६० म्हणजे सर्टिफिकेट पटलं नाही. हे चार पाठ असले की भागतं.

२८ वरून आठवलं, टाइमआउट स्वतः लावा. पीएचपीच्या कर्लला तुम्ही काही सांगितलं नाही तर तो नुसतं कनेक्शन जुळायची ३०० सेकंद वाट बघतो आणि एकदा जुळलं की पुढं मर्यादाच नाही, बसला तर बसला. मी कनेक्टला १० आणि एकूण ३० सेकंद देतो. तुम्ही म्हणाल स्क्रिप्ट किती वेळ चालू द्यायची ती मर्यादा, मॅक्स_एक्झिक्युशन_टाइम, ३० सेकंद आहे की, तेवढ्यात मरेल आपोआप. नाही मरत. लिनक्सवर ती मर्यादा पीएचपी स्वतः राबतं त्या वेळेची असते, समोरच्या उत्तराची वाट बघण्यात गेलेला वेळ त्यात धरत नाहीत. हे मला कसं कळलं, तर सुरुवातीला शहाणपणा करून मी पान उचलायचं काम टीव्हीच्या पानातच टाकलं होतं, म्हणजे टीव्ही दर पाच मिनिटांनी रिफ्रेश झाला की स्क्रिप्ट तिकडं धावायची. एक दिवस समोरची साइट मंदावली, माझ्या पीएचपीच्या प्रोसेस एकामागं एक वाट बघत थांबल्या आणि त्याच सर्व्हरवरच्या दोन शाळांच्या आणि एका मंगल कार्यालयाच्या साइटही झोपल्या. लग्नसराईत. फोन कुणाकुणाचे आले ते विचारू नका. तेव्हा पान उचलणं वेगळं, क्रॉनमधून (सर्व्हरवर ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारा), आणि दाखवणं वेगळं, आपल्या डेटाबेसातून. या दोघांची गाठ कधी घालू नका.

६० नंबरची गंमत अशी की ब्राउझरमध्ये साइट झकास उघडते आणि स्क्रिप्टला मात्र सर्टिफिकेट पटत नाही, त्यामुळं आपण शपथेवर सांगतो की साइट चालू आहे. दोन कारणं बघितलीत. एक, समोरच्यानं मूळ सर्टिफिकेटाशी जोडणारं मधलं सर्टिफिकेट सर्व्हरवर चढवलेलंच नाही, ब्राउझर बहुतेक वेळा ते स्वतः मिळवून वेळ मारून नेतो, कर्ल तसं करत नाही. दुसरं, आपल्याकडची रूट म्हणजे ज्यांच्यावर विश्वास ठेवायचा त्या मूळ सर्टिफिकेटांची यादीच जुनी. ३० सप्टेंबर २०२१ ला डीएसटी रूट सीए एक्स३ नावाचं जुनं रूट संपलं, लेट्स एन्क्रिप्टची फुकट सर्टिफिकेटं त्याच्या आधारानं चालायची, आणि ओपनएसएसएल १.०.२ वाल्या जुन्या सर्व्हरवर निम्म्या जगाची पानं उचलणं एका दिवसात बंद झालं. अशा वेळी जिथं शोधाल तिथं एकच तोडगा सांगतात, व्हेरिफायपीअर फॉल्स करा, म्हणजे सर्टिफिकेट तपासूच नका. चालतं की, लगेच चालतं. पण मग मधे बसून कोणीही तुम्हाला काहीही पान देईल आणि तुम्ही ते आप्पांच्या टीव्हीवर लावाल. मोझिलाच्या यादीवरून बनवलेली सीएसर्ट नावाची फाइल कर्लच्या साइटवर मिळते, ती उतरवून पीएचपी-आयएनआय या सेटिंगच्या फाइलीत कर्ल डॉट सीएइन्फो समोर तिचा पाथ द्या, दोन मिनिटांचं काम आहे. मधलं सर्टिफिकेट नसेल तर ते त्याच फाइलीच्या शेवटी जोडा.

दार लावलंय म्हणजे ४०३ आला तर पहिला संशय यूजर-एजंटवर, म्हणजे पान मागणारा आपलं नाव सांगतो त्या ओळीवर. पीएचपी स्वतःहून काहीच नाव सांगत नाही, निनावी जातो, आणि बऱ्याच साइट निनावी पाहुण्याला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. बरेच जण इथं क्रोमचं नाव चिकटवतात. मी आधी खरं नाव घालतो, स्क्रिप्टचं नाव आणि माझा ईमेल, आणि खरं सांगायचं तर दहातल्या आठ ठिकाणी तेवढ्यानं भागलंय. ४२९ आला तर मात्र चूक सरळसरळ तुमची, तुम्ही फार वेळा दार वाजवताय. ५०३ किंवा ४२९ सोबत रिट्राय-आफ्टर नावाचं हेडर येत असेल तर त्यात किती सेकंद थांबायचं किंवा कधी परत यायचं ते लिहिलेलं असतं, तेवढं थांबा.

आणि एक प्रकार, ज्यानं माझे तीन दिवस खाल्ले. विश्रामबागला घरी लॅपटॉपवर तीच स्क्रिप्ट, तोच कोड, पान सुंदर येतंय, आणि सर्व्हरवर २८. परत घरी, चालतंय. परत सर्व्हरवर, २८. सर्व्हर होता परदेशात, स्वस्त मिळाला म्हणून घेतलेला, आणि समोरची साइट भारताबाहेरच्या आयपीला, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्याला, उत्तरच देत नव्हती, नाही पण म्हणत नव्हती, नुसती गप्प. मुंबईत सर्व्हर घेतला आणि प्रश्न मिटला. यावर फुकटचे प्रॉक्सी, म्हणजे आपल्या वतीनं पान आणणारे मधले सर्व्हर, वापरणारे लोक आहेत, वापरू नका, आकडा मधे कोण बदलतंय कळणार नाही.

फाइल वाचता येत नसेल तर हेक्समध्ये पहिले दोन बाइट बघा, १एफ ८बी असतील तर ते जीझिप आहे. कर्लला एन्कोडिंगच्या ऑप्शनमध्ये रिकामी स्ट्रिंग द्या, तो मागतानाही नीट मागतो आणि आल्यावर सोडवूनही देतो. बास.

आता खरा माल. पान आलंय, टेबल आहे, तरी हळद सापडत नाही. इथं मराठी पानांची स्वतःची दुखणी आहेत, इंग्रजी उत्तरांमध्ये ती सापडत नाहीत, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पहिलं म्हणजे अक्षरांचा चिखल. डेटाबेसात बघितलं तर "हळद" च्या जागी नऊ चिन्हं: डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, मग एक काटेरी गोल, मग वर लिहिलेला छोटा एक, परत तोच ए, तोच गोल, छोटा तीन, परत ए, गोल आणि एक तुटकी उभी रेघ. हे नीट बघितलंत तर त्यातच उत्तर आहे. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची आजची पद्धत) तीन बाइट घेतं, पहिला बाइट सगळ्यांचा ई०, दुसरा ए४ किंवा ए५. तीन अक्षरं, नऊ बाइट, आणि कोणीतरी प्रत्येक बाइट म्हणजे एक अक्षर असं समजून वाचलंय, ई० म्हणजे तो तिरक्या रेघेचा ए. हा कोणीतरी म्हणजे पान फोडून देणाऱ्या डॉमडॉक्युमेंटचं लोडएचटीएमएल. त्याला पानात एन्कोडिंग सांगितलेलं सापडलं नाही की तो सरळ लॅटिन-१, म्हणजे एका बाइटला एक अक्षर अशी जुनी पद्धत, धरून चालतो. मी म्हणायचो अरे पानात मेटा टॅग आहे की यूटीएफ-८ चा! होता. पण मी हुशारी करून पूर्ण पान न देता टेबलाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा तुकडा कापून लोडएचटीएमएलला देत होतो, म्हणजे डोकं कापून नुसतं धड दिलं, आणि मेटा टॅग डोक्यातच असतो. उपाय, तुकड्याच्या आधी एक्सएमएलची ती छोटी ओळ जोडा ज्यात एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहिलेलं असतं. जुन्या उत्तरांत एमबी_कन्व्हर्ट_एन्कोडिंग वापरून एचटीएमएल-एंटिटीज करा असं सांगितलेलं असतं, ते पीएचपी ८.२ पासून डेप्रिकेटेड म्हणजे काढायच्या यादीत आहे, नवीन कोडमध्ये घालू नका. तुमच्याकडं ८.४ असेल तर त्यात डॉमच्या नेमस्पेसमध्ये एचटीएमएलडॉक्युमेंट नावाचा नवा क्लास आलाय, तो एचटीएमएल-५ खऱ्या अर्थानं समजतो, जुना लोडएचटीएमएल अजून एचटीएमएल-४ च्या काळात आहे, सेक्शन आणि आर्टिकल टॅग बघून सुद्धा बोंबलतो. ती बोंब लॉगमध्ये जाऊन डिस्क भरू नये म्हणून लिबएक्सएमएल_यूज_इंटर्नल_एरर्स ट्रू करून ठेवायचं.

दुसरं टीबॉडी, टेबलाच्या ओळी गुंडाळणारा टॅग. हे मराठीचं नाही, सगळ्या जगाचं आहे, पण इतक्या जणांना फसवतं की सांगायलाच पाहिजे. क्रोममध्ये आकड्यावर राइट क्लिक, इन्स्पेक्ट, कॉपी एक्सपाथ, कोडमध्ये पेस्ट, आणि शून्य निकाल. कारण ब्राउझर टेबलामध्ये टीबॉडी स्वतः घालतो, मूळ पानात तो नसला तरी. तुमच्या पार्सरनं घातलेला नाही. कॉपी केलेल्या पाथमधला टीबॉडी खोडा आणि बघा. आणि एरवीही इन्स्पेक्टवर विश्वास ठेवू नका, व्ह्यू सोर्स बघा, नाहीतर ती साठवलेली फाइल आहेच.

तिसरं, आणि हे माझ्या फार जवळचं आहे, कऱ्हाड. आप्पांनी सांगितलं सांगलीसोबत कऱ्हाडचाही दर लाव, तिकडचे शेतकरी येतात. मी यादीत "कऱ्हाड" लिहिलं आणि पानावर डोळ्याला दिसतंय कऱ्हाड, स्क्रिप्टला सापडत नाही. दोन्ही शेजारी शेजारी छापले, डिट्टो सारखे. मग बाइट छापले तेव्हा कळलं. तो मधला अर्धा ऱ तीन तऱ्हांनी लिहिता येतो, एक म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत, दुसरा म्हणजे साधा र, त्याला नुक्ता आणि हलंत, आणि तिसरा म्हणजे साधा र, हलंत आणि त्यापुढं एक न दिसणारा झेडडब्ल्यूजे, म्हणजे अक्षरं जोडायला सांगणारं चिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच. पहिला आणि दुसरा पीएचपीच्या इंटल एक्स्टेन्शनमधल्या, एकाच अक्षराची वेगवेगळी लिखाणं सारखी करणाऱ्या नॉर्मलायझरनं एक होतात, पण तिसरा होत नाही, तो हातानं बदलावा लागतो. आणि त्यावर कडी म्हणजे काही पानांवर सरळ "कराड" लिहिलेलं असतं. मी शेवटी नावाचं एक छोटं फंक्शनच केलं, येईल ते नॉर्मलाइझ करायचं, र-हलंत-झेडडब्ल्यूजेचा ऱ-हलंत करायचा, उरलेले झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे (त्याचा उलटा भाऊ, अक्षरं जोडू नको सांगणारा) काढायचे, आणि मग कऱ्हाड आणि कराड दोन्हीला एकच कोड द्यायचा. "शेतकऱ्यांचा", "दुसऱ्या" असले शब्द शोधत असाल तर तुम्हालाही हे फंक्शन लागणार.

चौथं आकड्यांचं. पानावर १४,२०० असतं, स्वल्पविरामासकट. पीएचपीला म्हटलं याचा इंटिजर कर, तर तो स्वल्पविरामाला थांबतो आणि १४ देतो, एरर नाही, काही नाही. एक दिवस अर्धा तास आप्पांच्या टीव्हीवर राजापुरी हळद क्विंटलला चौदा रुपये होती. आप्पा स्वतः म्हणाले, "द्या की मला सगळं यार्ड." आकडे देवनागरीत असतील तर त्याहून मजा, इंटिजर केल्यावर थेट शून्य, कारण पीएचपीला देवनागरी अंक म्हणजे नुसती अक्षरं. आधी अंक बदलून घ्या, मग स्वल्पविराम काढा. आणि ट्रिमवर, म्हणजे कडेच्या मोकळ्या जागा काढणाऱ्या फंक्शनवर, भरवसा नको, पानातली जागा बऱ्याचदा साधी स्पेस नसते, एनबीएसपी म्हणजे न तुटणारी जागा असते, यूटीएफ-८ मध्ये सी२ ए०, ट्रिमला ती दिसतच नाही, त्यामुळं " हळद" आणि "हळद" कधी जुळत नाहीत.

सिंपल एचटीएमएल डॉम नावाची जुनी लायब्ररी अजून बरेच जण वापरतात, सोपी आहे म्हणून. तिच्यात पानाच्या आकाराला ६,००,००० बाइटची मर्यादा लिहून ठेवलेली असते, त्यापुढचं पान दिलं की ती फॉल्स देते आणि मग बूलवर फाइंड कसं चालवू म्हणून फेटल एरर येतो. पान रोज थोडं थोडं वाढतंय आणि एक दिवस अचानक बंद, असं झालं तर हे बघा. मर्यादा वाढवता येते, पण मी म्हणेन डॉमडॉक्युमेंटवर या.

टेबल जावास्क्रिप्टनं भरतंय तर लगेच हेडलेस म्हणजे पडद्याविना चालणारा ब्राउझर बसवायला धावू नका. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये फेच आणि एक्सएचआर निवडा, पान रिफ्रेश करा, बहुतेक वेळा आकडे जेसॉनमध्ये (प्रोग्रामला वाचायला सोप्या मजकुरात) कुठून येतात तो पत्ता तिथंच दिसतो, तोच उचला, पार्सिंगची कटकटच संपली. जुन्या एएसपी डॉट नेटच्या साइटवर जिल्हा निवडल्यावर टेबल येत असेल तर आधी साधं पान उचलून त्यातली व्ह्यूस्टेट आणि इव्हेंटव्हॅलिडेशन ही लपलेली फील्ड काढायची, आलेली कुकी कुकी-जारच्या फाइलीत ठेवायची आणि मग निवडीसकट पोस्ट करायचं. ही फील्ड एकदा कॉपी करून कोडमध्ये चिकटवली की दोन दिवस चालतं आणि तिसऱ्या दिवशी आप्पांचा फोन.

क्रॉनचं पटकन सांगतो. हातानं चालवली की चालते, क्रॉनमधून नाही, याला माझ्याकडं तीन कारणं निघाली: क्रॉन वेगळ्या फोल्डरमधून सुरू होतो त्यामुळं फाइलींचे पाथ पूर्ण द्यायला लागतात, क्रॉनला सापडणारं पीएचपी कधीकधी जुन्या व्हर्जनचं वेगळंच असतं, आणि सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. साडेबाराला लावलेली स्क्रिप्ट आपल्या संध्याकाळी सहाला पळत होती. कोडमध्ये एशिया/कोलकाता लिहिलं म्हणून क्रॉनचं घड्याळ बदलत नाही, दुपारी साडेबाराला पाहिजे असेल तर क्रॉनमध्ये सकाळचे सात लिहायचे.

आणि आता ज्याच्यामुळं खरं तर हे सगळं लिहायला बसलो ते. वरच्या सगळ्या प्रकारांत काहीतरी बंद पडतं, दिसतं, फोन येतो. एकदा मात्र काहीच बंद पडलं नाही. पान आलं, २०० आला, टेबल सापडलं, आकडा आला, तारीखही आजची. आणि आकडा चुकीचा. जुन्या टेबलात जात, आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण असे पाच रकाने होते आणि मी आपला पाचवा टीडी उचलत होतो. साइटवाल्यांनी जातीनंतर परिमाणाचा रकाना घातला, योग्यच केलं, बेदाणा सौद्यात किलोवर बोलतात आणि पानावर क्विंटल, गोंधळ होतोच. पण त्यानं सगळं एक घर सरकलं आणि माझा पाचवा टीडी म्हणजे कमाल दर झाला. कमाल दर हाही दरच, पाच आकडी, कोणाला शंका यायचं कारण नाही. तीन दिवस टीव्हीवर सर्वसाधारण दर म्हणून कमाल दर चालला. मी आकडा दहा हजार ते तीस हजारांत आहे का ते तपासत होतो, तपासणी पास! चौथ्या दिवशी एक शेतकरी आप्पांच्या समोर उभा राहिला, बोर्डावर अठरा आणि माझ्या मालाला चौदा कसे म्हणून, आणि आप्पांना उत्तर देता येईना. त्या दिवशी फोन आला नाही. आप्पा स्वतः माझ्या ऑफिसला आले, बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बंद पडलं तर चालंल, खोटं दावू नको."

तेव्हापासून मी नंबरानं रकाना उचलत नाही. आधी टेबलाची शीर्षकाची ओळ वाचायची, "सर्वसाधारण" कितव्या घरात आहे ते शोधायचं, तिथलाच आकडा घ्यायचा, आणि शीर्षक सापडलं नाही तर काहीच घ्यायचं नाही, थांबायचं आणि मला ईमेल टाकायचा. सोबत एक साधी तपासणी, किमान सर्वसाधारणपेक्षा मोठा नको आणि सर्वसाधारण कमालपेक्षा मोठा नको. आणि रकाना सरकला तर बहुतेक वेळा हीच पहिली ओरडते, कारण कमालच्या जागी दुसरंच काहीतरी येतं. पानावरची तारीखही उचलायची, आजची म्हणजे माझ्या सर्व्हरची तारीख नव्हे, त्या टेबलावर लिहिलेली. कोयनेचे किंवा पुराचे आकडे उचलणाऱ्यांनी तर हे डबल काळजीनं करा. आयर्विनला इशारा पातळी ४० फूट आणि धोका ४५, आणि काही पानं पातळी मीटरमध्ये देतात. एकक न वाचता नुसता आकडा उचलला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला तर काय होईल ते २०१९ चा पूर बघितलेल्या माणसाला सांगायला नको.

एवढं झाल्यावर सुचलेलं शहाणपण म्हणजे आधी हे बघायला हवं होतं की पान फोडायची गरज तरी आहे का. डेटा डॉट गव्ह डॉट इनवर देशभरातल्या बाजारांचे रोजचे दर एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रामनं सरळ आकडे मागायच्या सोयीतून, मिळतात, नोंदणी करून की म्हणजे चावी घ्यायची, जेसॉन, सीएसव्ही पाहिजे ते. तिथली नमुन्याची की दहाच ओळी देते, त्यामुळं सांगली दिसली नाही म्हणून परत फिरू नका, स्वतःची की काढा. मी आता दोन्ही ठेवलंय, दोन्हीकडचा आकडा जुळला तर हिरवा ठिपका, नाही जुळला तर मला ईमेल. आणि पान फोडायचंच असेल तर रोबोट्स डॉट टीएक्सटी, म्हणजे स्क्रिप्टनं कुठं यावं-येऊ नये ते साइटवाल्यानं लिहिलेली फाइल, बघा, दिवसातून एक-दोनदाच जा, भाव दिवसातून एकदाच बदलतो, दर मिनिटाला जाऊन काय मिळणार.

टीव्हीवर आता दर नसेल तर जुना आकडा आजचा म्हणून दिसत नाही, राखाडी रंगात येतो आणि खाली लिहिलेलं असतं, "आजचा दर आलेला नाही, हा मंगळवारचा." गेल्या आठवड्यात दुपारी एकला परत फोन आला. "पोरा, राखाडी झालंय की रं." मी पळत फाइल उघडली, पान आलेलं, २०० आलेला, बाइट भरपूर, शीर्षक जागेवर, हळदीची ओळ मात्र नाही. लॉग बघितला, एपीआय बघितला, तिथंही नाही. पंधरा मिनिटं असंच. मग आप्पांना फोन लावला, म्हटलं आप्पा, आज सौदे निघालेत ना?

"आज कसले सौदे," आप्पा म्हणाले, "आज सुट्टी हाय. मी आपला हिशोब लिहित बसलोय."